‘जाड’, ‘लठ्ठ’ आणि ‘स्थूल’: कोणता शब्द कुठे वापरावा

जळगावात ठिबकच्या साहित्याच्या दुकानात थोडा वेळ थांबले, तरी एक मागणी हमखास कानावर पडते: ‘भाऊ, जरा जाड नळी द्या.’ दुकानदार जाणता असेल, तर तो लगेच नळी मोजायला घेत नाही. तो विचारतो, ‘जाड म्हणजे सोळाच्या जागी वीसची, की सोळाचीच, पण भिंत जाड?’ १६ मिलिमीटर आणि २० मिलिमीटर हे नळीच्या व्यासाचे आकडे आहेत, तर नळीची जाडी म्हणजे तिच्या भिंतीची जाडी, आणि ती वेगळी मोजतात. शेतकऱ्याला बहुधा दुसरी गोष्ट हवी असते, कारण उन्हाने आणि उंदरांनी खराब होते ती पातळ भिंतीची नळी. पण त्याने शब्द असा वापरलेला असतो की पहिली गोष्टही पदरात पडू शकते.

‘जाड’ हा शब्द आपण लहानपणीच शिकतो आणि पुढे त्याचा विचार करत नाही. मी अनेक वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवले आणि निबंधांत, अर्जांत, आरोग्याच्या फलकांवर आणि लग्नाच्या परिचयपत्रांत या शब्दाची आणि त्याच्या भावंडांची झालेली गल्लत पाहिली. वस्तूच्या बाबतीत गल्लत झाली तर नळी बदलून मिळते. माणसाच्या बाबतीत झाली, तर शब्द परत घेता येत नाही. म्हणून दोन्ही वापर सविस्तर सांगतो. आधी वस्तूंचा, कारण शब्दाचे मूळ घर तेच आहे.

वस्तूला ‘जाड’ म्हणताना

एखाद्या वस्तूला ‘जाड’ म्हणणे योग्य आहे की नाही, हे तपासण्याचा सोपा मार्ग म्हणजे तिचा विरुद्धार्थी शब्द मनात म्हणून पाहणे. कागद, कापड, पत्रा, काच, भिंत, पोळी, पापड अशा पसरट वस्तूंना ‘जाड’ आणि ‘पातळ’ ही जोडी लागते. दोरा, तार, सुई, काडी अशा लांबट वस्तूंना आणि रवा, मीठ, पीठ अशा दाणेदार पदार्थांना ‘जाड’ आणि ‘बारीक’ ही जोडी लागते. द्रवाला मात्र ‘जाड’ कधीच चालत नाही. वरण ‘घट्ट’ असते किंवा ‘पातळ’, दूध ‘दाट’ असते किंवा ‘पातळ’. अलीकडे पाककृतींच्या भाषांतरांत ‘जाड रस्सा’ आणि ‘जाड दही’ असे प्रयोग दिसतात, ते मराठी कानाला खटकतात आणि खटकावेतच. केसांच्या बाबतीत एक सूक्ष्म फरक आहे: ‘जाड केस’ म्हणजे एकेक केस राठ आणि मोठा, तर ‘दाट केस’ म्हणजे डोक्यावर भरपूर केस. तेल विकणारे बहुतेकदा दुसऱ्याबद्दल बोलत असतात आणि लिहितात पहिले.

खानदेशातल्या स्वयंपाकघरात हा शब्द किती नेमका वापरला जातो, हे पाहण्यासारखे आहे. बट्टीसाठी गहू गिरणीत देताना ‘जाडसर दळा’ असे सांगावे लागते, कारण बारीक पिठाची बट्टी चिकट होते. कळण्याची, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची, भाकरी किंचित जाड थापलेली चालते. तीच बाई खापरावरचा मांडा करायला बसली, की हातावर फिरवता फिरवता तो इतका पातळ करते की पलीकडचे दिसावे. ‘जाडसर’ या रूपाकडे लक्ष द्यावे. ‘सर’ हा प्रत्यय लागला की गुण सौम्य होतो: कूट जाडसर, चटणी जाडसर वाटलेली, दळण जाडसर. ‘लठ्ठसर’ असे मात्र कोणी म्हणत नाही, आणि यावरूनच कळते की ‘जाड’ हा मोजमापाचा शब्द आहे आणि ‘लठ्ठ’ हा नाही.

मोजमाप म्हटल्यावर ‘जाडी’ हे नाम येते: भिंतीची जाडी, पत्र्याची जाडी, प्लास्टिकच्या पिशवीची जाडी. हे नाम लिहिताना पुढे आकडा आणि एकक देता येत असेल, तर ते जरूर द्यावे. ‘जाड पिशवी वापरा’ या सूचनेने कोणाला काही समजत नाही, ‘१२० मायक्रॉन जाडीची’ म्हटले की समजते. एक इशारा मात्र देऊन ठेवतो. काही धंद्यांत आकडा आणि जाडी उलट दिशेने जातात. खानदेश हा कापसाचा मुलूख असल्याने सुताचे उदाहरण घेऊ: सुताचा नंबर जितका मोठा, तितके सूत बारीक, १० नंबरचे सूत जाड आणि ४० नंबरचे बारीक. तारेच्या गेजचेही तसेच आहे. त्यामुळे अशा ठिकाणी ‘मोठ्या नंबरचे’ आणि ‘जाड’ हे समानार्थी समजून लिहू नये.

‘जाडेभरडे’ हा जोडशब्द मला फार आवडतो. जाडेभरडे कापड, जाडेभरडे अन्न. त्यात साधेपणा आहे, कष्ट आहेत आणि टिकाऊपणाही आहे. १९३६ साली आपल्या फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, त्या पिढीला अंगावरची जाडीभरडी खादी अभिमानाची वाटत होती. हाच ‘भरड’ शब्द ज्वारी-बाजरीला लागला, तेव्हा मात्र त्यात कमीपणा आला: ‘भरडधान्य’ म्हणजे गरिबाचे धान्य. २०१८ साली केंद्र सरकारने या धान्यांना पौष्टिक धान्ये म्हणण्याचे ठरवले आणि २०२३ हे आंतरराष्ट्रीय वर्ष आपल्याकडे ‘पौष्टिक तृणधान्य वर्ष’ म्हणून साजरे झाले. धान्य तेच राहिले. शब्द बदलल्याने त्याकडे पाहण्याची नजर बदलावी, एवढाच त्यामागे हेतू होता. धान्यासाठी आपण इतका विचार करू शकतो, हे पुढे माणसांबद्दल लिहिताना लक्षात राहू द्यावे.

एका कान्याचा आणि एका प्राणाचा फरक

‘जड’ आणि ‘जाड’ यांत फक्त एका कान्याचा फरक आहे, पण अर्थ वेगळे आहेत. जड म्हणजे वजनाने भारी. जाड म्हणजे मापाने भरलेले. गोधडी जाड असून हलकी असू शकते आणि लोखंडी सळई बारीक असून जड असू शकते. अन्न पचायला ‘जड’ असते, निरोप ‘जड’ अंतःकरणाने देतात, वाहन ‘अवजड’ असते. यांतल्या कशालाही ‘जाड’ चालणार नाही. गोंधळात भर टाकणारा तिसरा शब्द आहे ‘जाड्य’. शाळेत रोज सकाळी म्हटल्या जाणाऱ्या सरस्वतीच्या स्तवनात तो येतो, आणि दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारतोच की विद्येच्या देवतेने जाडपणा घालवावा असे आपण का म्हणतो. तो शब्द ‘जड’वरून आलेला आहे, आणि त्याचा अर्थ बुद्धीचा जडपणा, मांद्य असा आहे. शरीराशी त्याचा संबंध नाही, आणि जाड माणूस बुद्धीने मंद असतो या अडाणी समजुतीला या शब्दाचा आधार देऊ नये.

दुसरा घोळ खास आपल्या भागातला आहे. खानदेशच्या एका अंगाला गुजराती आणि दुसऱ्या अंगाला हिंदी बोलणारी माणसे राहतात. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे. रावेरहून निघालेला माणूस थोड्याच वेळात बऱ्हाणपुरात हिंदी ऐकू लागतो. गुजरातीत ‘मोटो’, ‘मोटा’ म्हणजे थोर, मोठा. ‘मोटाभाई’ हे थोरल्या भावाला दिलेले मानाचे नाव. हिंदीत ‘मोटा’ म्हणजे जाड. मराठीत ‘मोठा’, म्हणजे ‘ठ’ महाप्राण (‘ट’मध्ये ‘ह’ मिसळल्यासारखा), आणि अर्थ आकाराने, वयाने किंवा मानाने मोठा. उलट गुजरातीतला ‘जाडो’ आणि आपला ‘जाडा’ यांचा अर्थ एकच. तेव्हा सीमेवरच्या गावात राहणाऱ्याने लिहिताना दोन पथ्ये पाळावीत: मराठी वाक्यात जाड या अर्थाने ‘मोटा’ लिहू नये, आणि ‘मोठा’ लिहिताना ‘ठ’ सोडू नये. ‘आमचे मोटे काका’ असे एका शाळकरी मुलाने निबंधात लिहिले होते. त्याला म्हणायचे होते थोरले काका, आणि वर्गात वाचल्यावर अर्थ निघाला भलताच.

‘लठ्ठ’ आणि पैसा

‘लठ्ठ’ हा शब्द शरीरानंतर सर्वांत जास्त पैशाला लागतो: लठ्ठ पगार, लठ्ठ फी, लठ्ठ हुंडा, लठ्ठ रक्कम. ‘जाड पगार’ असे होत नाही. येथे लक्षात ठेवण्याची गोष्ट ही, की ‘लठ्ठ’मध्ये बोलणाऱ्याची नाराजी मिसळलेली असते. ज्याला पगार मिळतो तो स्वतः त्याला लठ्ठ म्हणत नाही, दुसरे म्हणतात. ‘गलेलठ्ठ’ म्हटले की नाराजी उघडच होते. म्हणून एखाद्या दात्याने शाळेला मोठी मदत दिली असेल, तर आभाराच्या पत्रात ‘लठ्ठ देणगी’ लिहू नये. ‘भरघोस देणगी’ किंवा ‘मोठी देणगी’ लिहावे. ‘भरघोस’ हा शब्द पिकाकडून आला आहे आणि त्यात कौतुक आहे. ‘घसघशीत’ हा त्या दोघांच्या मधला: घसघशीत वाढ, घसघशीत सूट. त्यात समाधान आहे, पण फार आदर नाही. ‘लठ्ठालठ्ठी’ म्हणजे जोराची मारामारी, याचा लठ्ठपणाशी संबंध जोडू नये. तेथे लाठी आहे.

‘स्थूल’बद्दल थोडक्यात सांगता येईल. हा संस्कृत शब्द मराठीत दोन कामे करतो. एक, शरीराचे सभ्य, पुस्तकी वर्णन: ‘स्थूल देहाचे गृहस्थ’. दोन, ‘साधारण, तपशिलात न शिरता’ हा अर्थ: स्थूलमानाने, स्थूल आराखडा. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातल्या ‘स्थूल देशांतर्गत उत्पादन’ या संज्ञेत तो ‘घसारा वजा न केलेले’ अशा तिसऱ्याच, ठरलेल्या अर्थाने येतो. ‘स्थूलमानाने’च्या जागी बोलताना ‘ढोबळमानाने’ म्हणतात, आणि ढोबळ हा शब्दही फुगीर आकारावरूनच चालतो; ढोबळी मिरची ही त्याची रोजच्या बाजारातली साक्ष.

माणसाबद्दल लिहिताना आणि बोलताना

आता मुख्य मुद्दा. ‘जाड’ हे विशेषण आहे आणि ते लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही: जाड माणूस, जाड बाई, जाड मुले. त्याचेच ‘जाडा, जाडी, जाडे’ हे रूप बदलते, आणि त्याच रूपापासून ‘जाड्या’ आणि ‘जाडी’ अशी हाक तयार होते. विशेषण माणसाचा एक गुण सांगते आणि बाकीच्या गुणांना जागा ठेवते; तेच विशेषण नाम झाले, की गुण माणसाची जागा घेतो. ‘तो अंगाने जाड आहे’ हे वर्णन आहे. ‘तो जाड्या’ ही ओळख झाली. पोलिसात हरवलेल्या माणसाची माहिती देताना, डॉक्टरांना दूरध्वनीवर सांगताना, गर्दीत कोणाला शोधताना पहिल्या प्रकारचे वाक्य निःसंकोच वापरावे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. दुसऱ्या प्रकारचे वाक्य कोणाच्याही बाबतीत वापरू नये.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. सातवीच्या एका वर्गात एकाच नावाच्या दोन मुली होत्या. हजेरी घेताना घोटाळा होऊ नये म्हणून आधीच्या कोणा शिक्षकाने एकीला ‘जाडी’ आणि दुसरीला ‘बारीक’ म्हणायला सुरुवात केली होती, आणि ते इतके रुळले होते की जून महिन्यात मी वर्ग हाती घेतल्यावर मुलांनीच मला ती पद्धत सांगितली. मी काही दिवस ती पाळली. एका दुपारी फळ्यावर कविता लिहायला कोणी यावे म्हणून मी पहिलीला त्याच नावाने हाक मारली. तिचे अक्षर वर्गात सर्वांत सुंदर होते. ती उठली, दोन बाकांच्या मधून जाताना ओढणी पुढे घेऊन अंग चोरत आली, खडू घेतला, आणि फळ्याच्या अगदी कडेला, खाली, लहान अक्षरात लिहू लागली. एवढा मोठा फळा मोकळा होता. त्या दिवशी मी हजेरीपटावर दोघींच्या नावापुढे वडिलांच्या नावाचे पहिले अक्षर लिहिले. इतके सोपे होते ते. तिच्याशी मी त्याबद्दल बोललो नाही. बोलायला हवे होते, असे आज वाटते.

एकाच नावाची दोन माणसे ओळखण्याचे दुसरे मार्ग आपल्याकडे भरपूर आहेत: गाव, आडनाव, गल्ली, थोरला-धाकटा, ‘मळ्यातले नाना’ आणि ‘पेठेतले नाना’. ते वापरावेत. घरात लाडाने ‘ढब्बू’ म्हणतात, त्याचे काय, असा प्रश्न येईल. ढब्बू हे जुन्या काळचे तांब्याचे मोठे, जाड नाणे; तान्ह्या बाळाला ते नाव गोड वाटते. पण मूल शाळेत जाऊ लागले की घरचे नाव दाराबाहेर जाते, आणि तेथे ते कोण कोणत्या स्वरात उच्चारील यावर आपला ताबा राहत नाही. पाच वर्षांच्या आत ते सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठीत अंगकाठी सांगणाऱ्या शब्दांची संपत्ती मोठी आहे आणि प्रत्येकाचे वय आणि जागा ठरलेली आहे. बाळ ‘गुटगुटीत’ असते आणि ‘बाळसे धरते’. तरुण पहिलवान ‘धष्टपुष्ट’ किंवा ‘अंगापिंडाने मजबूत’ असतो. वयाच्या मानाने मोठे दिसणारे मूल ‘थोराड’ असते. मध्यमवयीन माणसाचे ‘पोट सुटते’. ‘तो सुटला आहे’ एवढेच लिहिले, तर तो तुरुंगातून सुटला की अंगाने, हे वाचकाला कळत नाही. म्हणून ‘अंगाने सुटला’ असे पूर्ण लिहावे. ‘भारदस्त’ आणि ‘वजनदार’ यांतही फरक करावा. भारदस्त म्हणजे ज्याच्या चालण्याबोलण्यात प्रतिष्ठा आहे तो; वजनदार म्हणजे ज्याच्या शब्दाला मान आहे तो, पण शब्दशः अर्थ इतका जवळ उभा असतो की देहाने मोठ्या माणसाच्या सत्कारात ‘वजनदार व्यक्तिमत्त्व’ म्हटले की सभागृहात खसखस पिकते आणि सत्कारमूर्तीचा चेहरा पडतो. अशा वेळी ‘त्यांच्या शब्दाला वजन आहे’ असे म्हणावे. वजन शब्दाला जोडले की देह बाजूला राहतो.

जुन्या माणसांची भाषा समजून घेताना काळाचे भान ठेवावे. अहिराणीत ‘पोऱ्या चांगला भरेल शे’ असे एखादी आजी म्हणते, तेव्हा ती नातवाचे कौतुक करत असते. येथे ‘भरेल’ हा भविष्यकाळ नव्हे. अहिराणीत त्याचा अर्थ ‘भरलेला’ असा आहे. ज्या पिढ्यांनी कोरडवाहू शेतीवर दुष्काळ काढले, त्यांच्या दृष्टीने अंगावर मांस असणे म्हणजे घरात दाणा असणे. त्यांना सर्वांत मोठी काळजी ‘वाळण्याची’ होती, आणि आजही सासरहून आलेल्या लेकीला आई पहिल्यांदा ‘किती वाळलीस’ असेच म्हणते. त्या आजीला ‘असे बोलू नये’ म्हणून दटावण्याचे कारण नाही. आपण मात्र तिचे वाक्य दुसऱ्या गावच्या पाहुण्याला सांगताना त्यातले कौतुकही सांगावे.

आजार म्हणून लिहिताना

वैद्यकीय मजकुरात ‘लठ्ठपणा’ ही रूढ संज्ञा आहे आणि तिला ठरलेला अर्थ आहे. वजन किलोग्रॅममध्ये घेऊन त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की शरीराचा वस्तुमान निर्देशांक, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला बीएमआय, मिळतो. ७२ किलो वजन आणि १६० सेंटिमीटर उंची असेल, तर १.६ गुणिले १.६ म्हणजे २.५६, आणि ७२ भागिले २.५६ म्हणजे सुमारे २८.१. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण वर्गीकरणात २५ पासून अतिवजन आणि ३० पासून लठ्ठपणा धरतात, म्हणून ही व्यक्ती अतिवजनाच्या गटात येते. भारतीयांसाठी मात्र डॉक्टर अनेकदा २३ आणि २५ या खालच्या मर्यादा वापरतात, कारण तेवढ्याच निर्देशांकाला आपल्या शरीरात, विशेषतः पोटाभोवती, चरबी अधिक आढळते आणि मधुमेहाचा व हृदयविकाराचा धोका लवकर सुरू होतो. त्या हिशेबाने हीच व्यक्ती लठ्ठपणाच्या गटात जाते. म्हणून आरोग्याविषयी लिहिणाऱ्याने कोणती मर्यादा धरली आहे, हे लिहिल्याशिवाय ‘लठ्ठ’ शब्द वापरू नये. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरांपेक्षा अधिक असणे हीही भारतीयांसाठी वापरली जाणारी खूण आहे.

फलकावर ‘लठ्ठ रुग्ण’ असे लिहिण्यापेक्षा ‘लठ्ठपणा असलेले रुग्ण’ असे लिहावे. आपण ‘मधुमेह असलेले’ म्हणतो, तसेच हे. दोन अक्षरे वाढतात, पण आजार माणसाच्या नावाला चिकटत नाही. त्याचबरोबर ‘खादाड’, ‘आळशी’ हे शब्द लठ्ठपणाच्या ओळीत येऊ देऊ नयेत. थायरॉइडच्या ग्रंथीचे काम मंदावले, स्टेरॉइडची औषधे दीर्घकाळ घ्यावी लागली किंवा घराण्यातच तशी प्रवृत्ती असली, तरी वजन वाढते, आणि वाचणाऱ्यांत अशी माणसे असतातच.

राहिली लग्नाची परिचयपत्रे. त्यांत ‘बांधा’ असा रकाना असतो आणि तेथे काय लिहावे हे विचारायला पालक माझ्याकडे येतात. ‘जाड’ लिहायला कोणाचा हात धजत नाही आणि ‘सडपातळ’ लिहिले तर पहिल्या भेटीतच खोटे पडते. ‘भरलेला’ हा जुना शब्द तेथे बरोबर बसतो. तो खरा आहे आणि त्यात कमीपणा नाही. ज्यांना तोही नको असेल, त्यांनी रकाना काढून टाकून फक्त उंची आणि वजन लिहावे. आमच्या गल्लीतला शिंपी तेच करतो. कोणीही समोर उभे राहिले तरी तो फीत फिरवतो आणि मागे वळून पोराला सांगतो, ‘लिही, कंबर बेचाळीस.’